विश्लेषण : आईच्या विषाणूने बाळाच्या लशीला चकवले तर? मॉरिस हिलमन यांची हयात काय सांगते?

हिपॅटायटिस बीची बाधा असलेल्या आईच्या बाळाला जन्मताच लस टोचली, तर बहुतेक बाळे वाचतात. तरीही काही बाळांच्या रक्तात वर्षभराने विषाणू सापडतोच. त्यातल्या काहींच्या शरीरातला विषाणू आईच्या विषाणूपेक्षा किंचित वेगळा असतो. मग प्रश्न पडतो, की लस फसली की विषाणूने वेश पालटला? आणि असे वेश पालटलेले विषाणू पसरत गेले, तर कोट्यवधी बाळांना दिलेल्या लशीचे काय? ही लस प्रथम प्रत्यक्षात आणणाऱ्या मॉरिस हिलमन यांचे निम्मे आयुष्य बदलत्या विषाणूंचा माग काढण्यातच गेले. त्यांचे काम समजून घेतले, तर या प्रश्नाचे उत्तर बरेचसे सापडते.

हिलमन कोण होते?

मॉरिस हिलमन यांचा जन्म ३० ऑगस्ट १९१९ रोजी अमेरिकेच्या माँटाना राज्यात माइल्स सिटी या गावाजवळ झाला. त्यांच्यासोबत जन्मलेली जुळी बहीण मृतावस्थेत जन्माला आली आणि दोनच दिवसांनी आई गेली. गरोदरपणात रक्तदाब वाढून येणाऱ्या झटक्यांनी तिचा बळी घेतला. आठवे अपत्य असलेले हे तान्हे बाळ शेजारीच राहणाऱ्या काका-काकूंनी वाढवले. घरची शेती होती, कोंबड्या होत्या. लहानपणी घटसर्प झाला तेव्हा मॉरिस मरता मरता वाचले.

मंदीच्या काळात शिक्षण सुटण्याचीच वेळ आली होती. गावातल्या एका दुकानात त्यांना नोकरीही लागली होती. थोरल्या भावाने आग्रह धरला, शिष्यवृत्ती मिळाली आणि १९४१ मध्ये ते माँटाना स्टेट महाविद्यालयातून पहिल्या क्रमांकाने पदवीधर झाले. शिकागो विद्यापीठात त्यांनी क्लॅमिडियावर संशोधन केले. तोवर विषाणू समजला जाणारा हा जंतू प्रत्यक्षात जिवाणू आहे, असे त्यांनी दाखवले. १९४४ मध्ये डॉक्टरेट मिळाली. अशा तरुणाने विद्यापीठातच राहावे असा तेव्हाचा रिवाज. हिलमन यांनी मात्र औषध कंपनीची वाट धरली. प्रयोगशाळेतला शोध प्रत्यक्ष दंडापर्यंत पोहोचवायचा असेल तर उत्पादन कळले पाहिजे, असा त्यांचा हिशेब होता. पहिल्याच नोकरीत त्यांनी प्रशांत महासागरात लढणाऱ्या अमेरिकी सैनिकांसाठी जपानी मेंदूज्वराची लस तयार करण्याचे काम केले.

विषाणू रूप बदलतो, हे त्यांना कुठे उमगले?

१९४८ मध्ये हिलमन अमेरिकी लष्कराच्या वॉल्टर रीड या वैद्यकीय संशोधन केंद्रात आले. तेथे श्वसनाच्या आजारांचे काम त्यांच्याकडे होते. फ्ल्यूची लस दरवर्षी का बदलावी लागते, हा त्यांच्यासमोरचा सवाल. वेगवेगळ्या वर्षांतले विषाणू आणि त्या त्या वर्षी आजारी पडलेल्यांची रक्तद्रव्ये पडताळताना त्यांना दोन प्रकारचे बदल दिसले. एक बदल हळूहळू होणारा. विषाणूच्या पृष्ठभागावरील प्रथिने दरवर्षी थोडी थोडी सरकतात आणि जुनी प्रतिकारशक्ती थोडी थोडी निरुपयोगी होते. दुसरा बदल एकदम होणारा. पृष्ठभागच नवा होतो आणि जगात कोणाकडेच त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे उरत नाहीत. महासाथ येते ती या दुसऱ्या बदलामुळे.

हे ज्ञान १९५७ मध्ये कामी आले. एप्रिलमध्ये हाँगकाँगमध्ये फ्ल्यूने आजारी पडलेल्यांच्या रांगा लागल्याची बातमी त्यांनी वर्तमानपत्रात वाचली. मे महिन्यात तिकडून आलेला नमुना हाती पडताच त्यांनी तो अमेरिकी नागरिकांच्या साठवलेल्या रक्तद्रव्यांशी पडताळून पाहिला. जवळपास कोणाच्याच रक्तात या विषाणूला ओळखणारी प्रतिपिंडे नव्हती. अपवाद होता १८८९-९०च्या महासाथीतून वाचलेल्या काही वृद्धांचा. शाळा उघडल्यावर, सप्टेंबरमध्ये ही साथ अमेरिकेत भडकेल, असा इशारा त्यांनी दिला. सरकारी यंत्रणेची वाट न पाहता त्यांनी थेट लस कंपन्यांना नमुने पाठवले. लस कोंबडीच्या फलित अंड्यांत वाढवावी लागते. हंगाम संपला की शेतकरी कोंबडे कापून टाकतात, हे शेतावर वाढलेल्या हिलमन यांना माहीत होते. म्हणून कोंबडे राखून ठेवायला सांगा, हा निरोपही त्यांनी कंपन्यांना धाडला. साथ आली तेव्हा अमेरिकेत सुमारे ४ कोटी मात्रा तयार झाल्या होत्या. साथीने त्या देशात हजारो बळी घेतलेच, पण ही लस नसती तर तो आकडा आणखी वाढला असता.

मुलीच्या घशातून लस कशी मिळाली?

१९५७च्या अखेरीस हिलमन मर्क या कंपनीत दाखल झाले. पेनसिल्व्हेनियातील वेस्ट पॉइंट येथील प्रयोगशाळा हेच पुढे त्यांचे विश्व झाले. १९६३च्या मार्चमध्ये एका रात्री त्यांची पाच वर्षांची मुलगी जेरिल लिन हिला गालगुंड झाले. पत्नी काही महिन्यांपूर्वीच कर्करोगाने गेली होती. मुलीला पुन्हा अंथरुणात निजवून हिलमन यांनी तिच्या घशातला नमुना घेतला आणि तो प्रयोगशाळेत ठेवून आले. तो विषाणू कोंबडीच्या गर्भपेशींत पुन्हा पुन्हा वाढवून दुबळा केला गेला. १९६७ मध्ये त्याच्या लशीला परवाना मिळाला. चाचणीत ही लस घेतलेल्या मुलांत जेरिलची धाकटी बहीण कर्स्टन होती. आजही अनेक देशांत गालगुंडाच्या लशीत वापरला जाणारा विषाणू जेरिल लिन याच नावाने ओळखला जातो.

इथे विषाणूचा बदल माणसाच्या उपयोगी पडला, हे लक्षात घ्यायला हवे. कोंबडीच्या पेशींत जगायला शिकलेला विषाणू माणसाला आजारी पाडण्याची ताकद हरवून बसतो, पण शरीराला ओळख करून देण्यापुरता चेहरा त्याच्याकडे उरतो. गोवराची अधिक सौम्य लस हिलमन यांनी १९६८ मध्ये याच मार्गाने आणली.

आईचा संसर्ग बाळाला किती महागात पडतो, हेही याच दशकात अमेरिकेने पाहिले. १९६४-६५च्या रुबेलाच्या साथीत गरोदर महिलांना बाधा झाली. त्यातून सुमारे २० हजार बाळे अंधत्व, बहिरेपण, हृदयातील दोष अशी व्यंगे घेऊन जन्मली. हिलमन यांच्या चमूने रुबेलाची लस १९६९ मध्ये आणली आणि १९७१ मध्ये गोवर, गालगुंड व रुबेला या तिन्हींची एकत्रित लस आली. पुढे स्टॅनली प्लॉटकिन यांनी विकसित केलेला रुबेलाचा विषाणू अधिक सरस आहे असे दिसल्यावर हिलमन यांनी स्वतःचा बाजूला ठेवून तो स्वीकारला.

हिपॅटायटिस बीच्या लशीचे आव्हान वेगळे का होते?

बरुच ब्लूमबर्ग यांना १९६०च्या दशकात एका ऑस्ट्रेलियन आदिवासीच्या रक्तात एक अनोळखी प्रथिन सापडले. ते हिपॅटायटिस बीच्या विषाणूचे वरचे आवरण निघाले. या शोधासाठी ब्लूमबर्ग १९७६च्या नोबेलचे मानकरी ठरले. रक्तातले हे आवरण वेगळे काढून त्याचीच लस करता येईल, ही कल्पना त्यांनी व त्यांचे सहकारी अर्व्हिंग मिलमन यांनी मांडली होती. कल्पना आणि लस यांत मात्र मोठे अंतर होते. ते हिलमन यांनी कापले.

हा विषाणू प्रयोगशाळेत कोंबडीच्या किंवा इतर पेशींत वाढवता येत नव्हता. त्यामुळे गोवर, गालगुंडाचा मार्ग बंद होता. पण एक सोय होती. बाधित माणसाच्या रक्तात पूर्ण विषाणूंच्या कैकपट रिकाम्या आवरणांचे कण फिरत असतात. त्यांच्यात जनुके नसल्याने त्यांच्यापासून आजार होत नाही. हे कण गाळून घ्यायचे आणि तेच टोचायचे, असे ठरले. याचा अर्थ दीर्घकाळ बाधित असलेल्या माणसांचे रक्त गोळा करायचे आणि त्यापासून निरोगी माणसांसाठी लस करायची. त्या रक्तात आणखी कोणकोणते विषाणू असतील, हे कोणालाच ठाऊक नव्हते.

हिलमन यांना या धोक्याची कल्पना होती. १९६० मध्ये त्यांनी व बेन स्वीट यांनी माकडांच्या मूत्रपिंड-पेशींत लपलेला एक विषाणू शोधला होता. त्या पेशींवर बनवलेल्या पोलिओच्या लशीही त्यातून सुटल्या नव्हत्या. म्हणून रक्ताच्या बाबतीत त्यांनी तिहेरी बंदोबस्त केला. आधी पेप्सिन हे प्रथिने पचवणारे विकर, मग तीव्र युरिया आणि शेवटी फॉर्मल्डिहाइड. या तिन्हींतून गेल्यावर कोणत्याही ज्ञात प्रकारचा विषाणू जिवंत राहू नये आणि आवरणाचे प्रथिन मात्र शाबूत राहावे, असा तो मेळ होता.

लोकांनी या लशीवर विश्वास ठेवला का?

वुल्फ श्मुनेस यांनी न्यूयॉर्कमध्ये १०८३ पुरुषांवर या लशीची चाचणी घेतली. १९८० मध्ये निष्कर्ष जाहीर झाले, तेव्हा लस ९० टक्क्यांहून अधिक परिणामकारक ठरली होती. नोव्हेंबर १९८१ मध्ये तिला अमेरिकेत परवाना मिळाला. त्याच वर्षी एड्सचे पहिले रुग्ण नोंदवले गेले होते. लशीसाठी रक्त देणाऱ्यांत समलिंगी पुरुष व अमली पदार्थांचे सेवन करणारे लोक होते आणि नवा आजारही याच गटांत दिसत होता. अनेक डॉक्टर आणि परिचारिकांनी लस घेण्याचे टाळले. पुढे एचआयव्ही सापडल्यावर तपासणी झाली, तेव्हा हिलमन यांच्या प्रक्रियेत तोही नष्ट होतो, असे स्पष्ट झाले. एचआयव्हीचे नावही ठाऊक नसताना योजलेली ही काळजी होती.

तरीही रक्तावर कायम अवलंबून राहता येणार नव्हते. विषाणूच्या आवरणाचे जनुक यीस्टमध्ये बसवून तेच प्रथिन यीस्टकडून बनवून घेण्याचे तंत्र विल्यम रटर व इतर शास्त्रज्ञांनी विकसित केले. त्यावर आधारित मर्कची लस जुलै १९८६ मध्ये परवानापात्र ठरली. जनुकीय अभियांत्रिकीने बनलेली माणसांसाठीची ही पहिली लस. आज दिली जाणारी हिपॅटायटिस बीची लस प्रामुख्याने याच पद्धतीची आहे.

नवजात बाळांना धोका जास्त का?

प्रौढ माणसाला हिपॅटायटिस बीची बाधा झाली तर बहुतेक वेळा शरीर विषाणूला हुसकावून लावते. दीर्घकाळ बाधित राहणाऱ्या प्रौढांचे प्रमाण पाच टक्क्यांपेक्षा कमी आहे. जन्माच्या वेळी बाधा झालेल्या बाळांमध्ये मात्र हे प्रमाण सुमारे ९० टक्के आहे. बाळाची प्रतिकारशक्ती अजून कोवळी असते आणि विषाणूला परका म्हणून ओळखत नाही. अशी मुले वरून धडधाकट दिसतात. यकृत आकसणे, यकृताचा कर्करोग हे परिणाम दिसायला दोन-चार दशके जातात. आईचेही तसेच. तिचे डोळे पिवळे झालेले नसतात, तिला काही त्रास नसतो. त्यामुळे कावीळ म्हणजे पिवळेपणा, असे समजून चालणाऱ्या घरात हा आजार कोणाच्या ध्यानातच येत नाही.

पामर बीस्ली यांनी तैवानमध्ये केलेल्या अभ्यासांतून हे दुष्टचक्र स्पष्ट झाले. आईच्या रक्तात विषाणूची वाढ जोरात चालू असल्याची खूण, म्हणजे ई अँटिजेन, असेल तर कोणताही उपाय न केल्यास ७० ते ९० टक्के बाळांना बाधा होते. बहुतेकदा ती प्रसूतीच्या वेळी, आईच्या रक्ताशी संपर्क आल्याने होते. म्हणून जन्मानंतर लगेच दोन गोष्टी द्यायच्या, असे ठरले. एक म्हणजे तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन. ते तातडीचा पहारा देते. दुसरी म्हणजे लस, जी बाळाला स्वतःची प्रतिपिंडे बनवायला शिकवते. दोन्ही मिळून बहुसंख्य बाळे वाचतात. तैवानने जुलै १९८४ मध्ये बाधित मातांच्या बाळांपासून राष्ट्रीय लसीकरण सुरू केले आणि १९८६ पासून ते सर्व नवजात बाळांना लागू केले.

इटलीतील बाळात काय आढळले?

दक्षिण इटलीत बाधित मातांच्या बाळांना लस दिल्यानंतर त्यांचा पाठपुरावा चालू होता. त्यात एका बाळाला इम्युनोग्लोब्युलिन व लस दोन्ही वेळेवर मिळूनही बाधा झाली. त्याच्या रक्तात प्रतिपिंडे होती आणि विषाणूही होता. हे दोन्ही एकत्र असायला नको होते. विल्यम कार्मन, अलेस्सांद्रो झानेत्ती, हॉवर्ड थॉमस आदींनी १९९० मध्ये लॅन्सेट नियतकालिकात त्याचा उलगडा केला. आवरणाच्या प्रथिनात १४५व्या जागी ग्लायसिन हे अमिनो आम्ल असते. बाळाच्या विषाणूत तिथे आर्जिनिन आले होते. आईच्या विषाणूत मात्र ग्लायसिनच होते.

ही जागा साधी नाही. आवरणावरच्या ज्या वळणदार भागाला लशीने तयार केलेली बहुतेक प्रतिपिंडे चिकटतात, त्यातलीच ती आहे. ग्लायसिन सर्वांत लहान अमिनो आम्ल, तर आर्जिनिन मोठे आणि विद्युतभारित. त्याने त्या भागाची घडीच बदलते. नाकाबंदीवरच्या पोलिसांकडे संशयिताचे वर्णन असावे आणि नेमकी वर्णनात लिहिलेली खूणच त्याने बदलून टाकावी, तसे प्रतिपिंडांचे होते. विषाणू समोरून जातो आणि ओळखला जात नाही.

पण हा बदल लस घडवून आणत नाही. हिपॅटायटिस बीचा विषाणू स्वतःच्या प्रती काढताना आधी आरएनए बनवतो आणि मग त्यावरून डीएनए. हे दुसरे काम करणारे विकर चुका तपासत नाही. त्यामुळे एका बाधित व्यक्तीच्या शरीरात थोड्याफार वेगळ्या विषाणूंचा जमाव असतो. इम्युनोग्लोब्युलिन व लशीच्या प्रतिपिंडांनी नेहमीचे विषाणू टिपले, की एरवी मागे पडलेल्या एखाद्या वेगळ्या विषाणूला रान मोकळे मिळते. हिलमन यांनी फ्ल्यूमध्ये जो खेळ अवघ्या लोकसंख्येत पाहिला होता, तोच इथे एका बाळाच्या शरीरात घडत होता.

मग हिपॅटायटिस बीची लस फ्ल्यूसारखी दरवर्षी बदलावी लागेल का?

आजवरचा अनुभव तसे सांगत नाही. तैपेईमध्ये मुलांच्या रक्ताची ठरावीक वर्षांनी पाहणी होत आली आहे. लसीकरण सुरू झाले त्या १९८४ साली विषाणूचा डीएनए सापडलेल्या १०३ मुलांपैकी ८ जणांत आवरणाच्या या मोक्याच्या भागात बदल होते, म्हणजे सुमारे ८ टक्के. १९८९ मध्ये ५१ पैकी १०, म्हणजे सुमारे २० टक्के. १९९४ मध्ये ३२ पैकी ९, म्हणजे २८ टक्के. नुसती टक्केवारी पाहिली तर धास्ती वाटते. पण बदललेले विषाणू असलेल्या मुलांची संख्या ८, १०, ९ अशी जागच्या जागी आहे. कमी झाली ती एकूण बाधित मुले. लशीने नेहमीच्या विषाणूची वाट बंद केल्यामुळे उरलेल्यांत बदललेल्यांचा वाटा मोठा दिसतो. १९९९च्या पाहणीत डीएनए सापडलेली मुले १३ उरली आणि त्यांत बदल असलेली ३ होती. तैपेईतील मुलांमधील बाधेचे प्रमाण १९८४ मध्ये सुमारे १० टक्के होते. १५ वर्षांत ते एक टक्क्याच्या खाली आले. लहान मुलांतील यकृताचा कर्करोगही घटला.

विषाणूला मनमानी बदल करता येत नाहीत, याचे कारण त्याच्या रचनेत आहे. त्याचा जनुकसंच जेमतेम ३२०० अक्षरांचा आहे आणि जागा वाचवण्यासाठी तीच अक्षरे दोनदा वापरलेली आहेत. एकच अक्षररांग वेगवेगळ्या ठिकाणी तोडून वाचली की दोन अर्थ निघावेत, तसे आवरणाचे आणि प्रती काढणाऱ्या विकराचे जनुक एकमेकांवर चढलेले आहे. आवरण बदलायला अक्षर बदलले, तर विकरही बिघडण्याची शक्यता असते. त्यामुळे वेश पालटलेला विषाणू बऱ्याचदा मूळ विषाणूइतका जोमदार राहत नाही. याच रचनेमुळे एक सावधगिरीही घ्यावी लागते. विकराला रोखणारी लॅमिव्हुडिनसारखी औषधे दीर्घकाळ घेतल्यावर औषधाला न जुमानणारा विषाणू तयार झाला, तर त्याच्यासोबत आवरणही बदलू शकते.

मग लस देऊनही बाळे बाधित का होतात?

बहुतेक अपयशांचे कारण उत्परिवर्तन हे नसते. पहिले कारण म्हणजे आईच्या रक्तातील विषाणूंची प्रचंड संख्या. दुसरे, काही बाळांना गर्भातच बाधा झालेली असते आणि जन्मानंतरची लस तिथे उशिराच पोहोचते. तिसरे कारण सर्वांत साधे आणि टाळता येण्याजोगे आहे. पहिली मात्रा २४ तासांच्या आत दिली जात नाही, किंवा पुढच्या मात्रा चुकतात.

पहिल्या दोन कारणांवरही आता उपाय आहे. गरोदरपणात आईची तपासणी करून विषाणूंचे प्रमाण प्रति मिलीलिटर २ लाख आंतरराष्ट्रीय एककांहून अधिक आढळल्यास २८व्या आठवड्यापासून टेनोफोव्हिर हे औषध द्यावे, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये केली. आईच्या रक्तातला विषाणू जितका कमी, तितके बाळाच्या लशीचे काम सोपे. जमाव लहान असेल तर त्यात वेश पालटलेला विषाणू असण्याची शक्यताही घटते. अशा बाळाची ९ ते १२ महिन्यांच्या दरम्यान रक्ततपासणी करणे गरजेचे असते, कारण लस लागू पडली की नाही हे त्याखेरीज कळत नाही. बाळाला लस मिळालेली असेल तर बाधित आईने अंगावर पाजण्यास हरकत नसते.

भारतात काय स्थिती आहे?

भारतात ही लस दीर्घकाळ महाग होती. हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्स कंपनीने १९९७ मध्ये देशी बनावटीची जनुकीय पद्धतीची लस आणली आणि किमती झपाट्याने उतरल्या. २००२-०३ मध्ये प्रायोगिक तत्त्वावर व २०११-१२ पर्यंत देशभर ही लस सार्वत्रिक लसीकरणात आली. जन्मल्यावर २४ तासांत पहिली मात्रा आणि सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यात पंचगुणी लशीतून पुढच्या मात्रा, असे वेळापत्रक आहे. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात गरोदर महिलांची तपासणी आणि बाधित मातांच्या बाळांसाठी इम्युनोग्लोब्युलिन यांचाही समावेश आहे. प्रश्न उरतो तो तासांचा. प्रसूती शनिवारी रात्री झाली आणि लस टोचणारी व्यक्ती सोमवारी आली, की ती पहिली मुदत टळून गेलेली असते. लसीकरणाच्या कार्डावर जन्माच्या मात्रेसमोर तारखेबरोबर वेळही लिहिली आहे का, हे घरच्यांनी पाहायला हवे.

हिलमन यांची अखेर कशी झाली?

कंपनीच्या नियमानुसार हिलमन १९८४ मध्ये वयाच्या ६५व्या वर्षी पदावरून उतरले, पण प्रयोगशाळा त्यांनी सोडली नाही. मर्कच्याच लसविज्ञान संस्थेत ते अखेरपर्यंत काम करत राहिले. तापट स्वभाव, शिवराळ बोलणे आणि कामात हयगय करणाऱ्याची गय न करणे यासाठी ते ओळखले जात. १९८८ मध्ये त्यांना अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञान पदक मिळाले. नोबेल मात्र मिळाले नाही. सुमारे ४० लशी त्यांच्या हातून तयार झाल्या. त्यांत गोवर, गालगुंड, हिपॅटायटिस ए व बी आणि कांजिण्या यांवरच्या लशी आहेत, तशीच कोंबड्यांच्या मॅरेक रोगावरचीही आहे. ११ एप्रिल २००५ रोजी फिलाडेल्फियात कर्करोगाने त्यांचे निधन झाले. ते ८५ वर्षांचे होते.

इटलीतील त्या बाळाच्या विषाणूची माहिती प्रसिद्ध झाली तेव्हा हिलमन सत्तरीत होते. यीस्टपासून बनणाऱ्या लशीतले आवरण त्यानंतरही मूळ स्वरूपाचेच ठेवले गेले आणि ते अजूनही तेच आहे, कारण बदललेला विषाणू अद्याप साथ बनलेला नाही. तो बनतो आहे का, हे कळण्याचा मार्ग हिलमन यांनी १९५७ मध्ये वापरला तोच आहे. जुने नमुने सांभाळून ठेवायचे, नवे गोळा करायचे आणि दोन्ही एकमेकांशी पडताळत राहायचे. लस देऊनही बाधित झालेल्या प्रत्येक बाळाच्या रक्ताची तपासणी म्हणूनच महत्त्वाची ठरते.